गाडी उभी राहून बिघडते: मुंबईत घरच्या घरी करायची देखभाल

गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशीची पहाट, साडेतीनची वेळ. डिकी गच्च भरलेली, आई मागच्या सीटवर मखराचे पुठ्ठे मांडीवर घेऊन बसलेली. किल्ली फिरवली, तर गाडीने एकदाच 'टक्' केलं. परत फिरवली, परत 'टक्'. वॉचमन जवळ येऊन शांतपणे म्हणाला, "साब, एक महिने से हिली नहीं है गाडी." मागून आई, "तरी सांगत होते, कोकणात जाणाऱ्या तुतारी एक्सप्रेसचं तिकीट काढ म्हणून."

दोघांचंही बरोबर होतं. ऑफिसला लोकल, बाजाराला रिक्षा, आणि गाडी पंधरवड्यातून एकदा बाहेर निघते, तीही फर्स्ट-सेकंडमध्ये रखडत. मुंबईतली गाडी धावून फार झिजत नाही, उभी राहून बिघडते. बॅटरी उतरते, टायरमधली हवा जाते, खारी हवा लोखंड खाते, उंदीर वायरी खातात आणि जून ते सप्टेंबर पाणी मिळेल त्या फटीतून आत शिरतं. किलोमीटर मोजून केलेलं सर्व्हिसिंग यातलं बरंचसं पकडतच नाही. ते आपणच बघायचं असतं, आणि त्यासाठी मेकॅनिक असावं लागत नाही. महिन्यातून एका रविवारी अर्धा तास पुरतो.

सामान आणि जागा

सगळ्यात आधी दहा नंबरचा पाना. बॅटरीच्या टर्मिनलपासून बॉनेटखालच्या कितीतरी बोल्टना हाच लागतो, आणि नेमका हाच हरवतो. म्हणून दोन घ्या. त्यासोबत एक पक्कड, चपटा आणि फुलीचा असे दोन स्क्रू ड्रायव्हर, हवा मोजायचा गेज, साधा मल्टिमीटर, जाड तारेची जंपर केबल, डोक्याला बांधायची टॉर्च आणि जुनं बनियन. गाडी पुसायला फाटक्या बनियनसारखं दुसरं काही नाही. अवजारं एकदम घ्यायची तर मशीद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटला जा. स्पेअर पार्टसाठी ऑपेरा हाऊसचा बाजार आहे, सीट कव्हर आणि सजावटीच्या सामानासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. पार्ट मागताना मॉडेल आणि वर्ष सांगून भागत नाही. जुन्या पार्टवरचा नंबर मोबाइलमध्ये टिपून न्या, नाहीतर 'साहेब, सेम टू सेम आहे' असं म्हणून काहीही हातात ठेवतील.

डॅशबोर्डच्या खणात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक पुस्तक असतं, तेही उघडा. तुमच्या गाडीची हवा, ऑइलचा ग्रेड, फ्यूजचा नकाशा सगळं त्यात आहे. या लेखात आणि त्या पुस्तकात फरक पडला, तर पुस्तकाचं ऐका.

काम सपाट, उजेडाच्या जागी करायचं. एकावर एक गाड्या लावायच्या स्टॅक पार्किंगच्या पाळण्यावर गाडी असेल, तर आधी खाली काढून बाजूला लावा. त्या पत्र्यावर जॅक लावायचा विचारही नको. आणि सोसायटीच्या कमिटीशी भांडण नको असेल, तर पाइप न लावता बादलीनेच धुवा.

बॅटरी

किल्ली फिरवल्यावर नुसतं 'टक्' किंवा 'कटकटकट' झालं आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावले, तर दहातल्या नऊ वेळा बॅटरीच. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर थोडा थोडा करंट पीत असतात. शिवाय दादरहून परळला जाऊन आलात, तर स्टार्ट करताना खर्च झालेलाही पुरता भरून निघत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तरी गाडी वीस-तीस मिनिटं सलग चालवा. पार्किंगमध्ये पाच मिनिटं नुसती चालू ठेवणं म्हणजे पेट्रोल जाळून शेजाऱ्यांना धूर देणं.

मल्टिमीटर २० डीसी व्होल्टवर ठेवा. गाडी काही तास बंद असताना लाल टोक धनवर, काळं ऋणवर. १२.६ च्या आसपास आलं तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली गेली, तर उद्या सकाळचा भरवसा नाही. आता गाडी चालू करून परत मोजा: साधारण १३.८ ते १४.४ दिसलं की आल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणारं यंत्र, चार्ज करतोय असं समजा. काही नव्या गाड्यांत हा आकडा थोडा खालीवर होतो, पण चालू गाडीत १२.५ च दिसत असेल तर नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही, तीही उतरेल. हे एक मोजमाप माहीत नसल्याने लोक बॅटऱ्या बदलत बसतात.

माझ्या त्या पहाटेचं कारण मात्र आणखी साधं होतं. टर्मिनलवर पांढरट हिरवी बुरशीसारखी भुकटी जमली होती, कढईत तुरटी फुलावी तशी. खालचं शिसं दिसतच नव्हतं. हे साफ करायचं घरगुती औषध स्वयंपाकघरात आहे. अर्धा पेला कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घाला. गाडी बंद, किल्ली खिशात. दहाच्या पान्याने आधी ऋणचं टर्मिनल सोडवा, मग धनचं. हा क्रम चुकवायचा नाही: ऋण जोडलेलं असताना धन सोडवायला गेलात आणि पाना चुकून बॉडीला लागला, तर असा ठिणग्यांचा झोत उडतो की पाना तिथेच चिकटतो. हातातली अंगठी आणि कडंही काढून ठेवा. सोड्याचं पाणी जुन्या टूथब्रशने टर्मिनलवर लावा, फसफसू द्या, घासा, ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण कोरडं करा. भुकटी डोळ्यांत आणि हाताला लागू देऊ नका, ती ॲसिडचीच आहे. लावताना क्रम उलटा, आधी धन, शेवटी ऋण. घट्ट आवळून वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. टर्मिनल हाताने हलवून बघा. जरासंही फिरलं तर अजून सैल आहे.

बॅटरी खरंच उतरली असेल, तर शेजारच्या गाडीवरून स्टार्ट घेता येतो. दोन्ही गाड्या एकमेकींना चिकटू न देता जवळ लावा, दोन्ही बंद, आणि जवळपास कोणी विडी-सिगारेट ओढत नाही ना बघा, कारण बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. केबल या क्रमाने जोडा:

१. लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या धनला.
२. लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या धनला.
३. काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या ऋणला.
४. काळ्याचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या, रंग नसलेल्या, बॅटरीपासून लांबच्या धातूला.

चांगली गाडी चालू करून पाचेक मिनिटं राहू द्या, मग बंद गाडीला स्टार्टर मारा. चालू झाली की केबल उलट क्रमाने काढा आणि गाडी अर्धा तास फिरवून आणा. तीन-चार वर्षं झालेली बॅटरी असा आधार वारंवार मागायला लागली, तर तिचा निरोपसमारंभ करून टाका. जुनी दुकानदाराला दिली की नवीच्या किमतीत सूट मिळते.

टायर आणि स्टेपनी

हवा किती भरायची याचं उत्तर पंपावरच्या पोराला विचारू नका. ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेलं असतं, लहान गाड्यांत बहुतेक ३० ते ३५ पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं माप) मधलं. टायरच्या कडेवर छापलेला आकडा टायरची कमाल मर्यादा असते, तो भरायचा नाही. आणि हवा थंड टायरमध्ये मोजायची, म्हणजे घरून निघण्याआधी. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरून तासभर येऊन मोजलीत, तर दोन-चार जास्तच दिसेल, आणि ती काढून टाकलीत की सकाळी टायर बसलेला. महिन्याला एक-दोन पीएसआय अशीच उतरते. स्टेपनीची हवा कोणी बघत नाही, तीही बघा.

टायर बघताना नुसतं 'गुळगुळीत झालाय का' एवढंच बघू नका, कुठे झिजलाय ते बघा. दोन्ही कडा झिजल्यात म्हणजे हवा कमी, मधला पट्टा झिजलाय म्हणजे जास्त, एकच कड झिजलीय म्हणजे अलाइनमेंट, चाकांची सरळ ओळ, गेलंय, खड्ड्यांची कृपा. खाचांच्या तळाशी छोटे आडवे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की १.६ मिलिमीटर उरलं, म्हणजे टायर संपला. मी स्वतः तेवढी वाट बघत नाही. उंचवटे जवळ आलेले दिसले की जूनच्या आत बदलतो, कारण पहिल्या पावसात तेल-धुळीचा जो चिखल होतो त्यावर खाच नसलेला टायर साबणासारखा सरकतो. आणखी एक, टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. कमी फिरणाऱ्या गाडीचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो, कडेला बारीक भेगा पडतात. तेव्हा 'खाच तर भरपूर आहे' हे कौतुक कामाचं नाही.

स्टेपनी बदलण्याची रंगीत तालीम घरी एकदा कराच. विशेषतः सीएनजी गाडी असेल तर. सिलिंडरच्या आडून स्टेपनी बाहेर कशी काढायची, हे कोडं लोक भर पावसात घोडबंदर रोडवर सोडवतात.

गाडी सपाट जागी, हॅण्डब्रेक ओढून, फर्स्ट गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर 'पी'मध्ये. आत कोणी बसलेलं नको. बदलायच्या चाकाच्या तिरप्या समोरच्या चाकाला वीट किंवा दगड लावा. आता नट सैल करा, पण जॅक लावण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच. हवेत लटकलं की ते नटासोबतच फिरतं. पंक्चरवाल्याने मशीनने आवळलेले नट हाताने हलत नाहीत. पाना आडवा लावून त्याच्या टोकावर पायाने वजन द्या, डावीकडे फिरेल असं. प्रत्येक नट अर्धा फेरा सैल झाला की पुरे. मग जॅक. दाराखालच्या पत्र्याच्या कडेला दोन खाचा किंवा बाण असतात, जॅक बरोबर त्यांच्यामध्ये. भलत्या जागी लावलात तर पत्रा आत जातो. चाक जमिनीपासून चार बोटं वर आलं की नट काढा, चाक ओढून काढा आणि ते गाडीखाली आडवं सरकवून ठेवा. जॅक घसरलाच तर गाडी चाकावर बसेल, तुमच्या हातावर नाही. स्टेपनी चढवून नट हाताने लावा, गाडी खाली घ्या, आणि मग नट समोरासमोरचे असे आलटून पालटून आवळा, गोल गोल क्रमाने नाही. पन्नासेक किलोमीटरनंतर परत एकदा आवळून बघा. बारीक स्टेपनी असेल तर तिच्यावरच वेगमर्यादा छापलेली असते, बहुधा ताशी ८०.

जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकं किंवा हात घालायचा नाही. किल्ली खाली पडली असली तरी नाही.

बॉनेटखालच्या टाक्या

इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा. ऑइलची पट्टी बाहेर काढा, पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. काळं दिसलं तर घाबरू नका, ऑइलचा तो धर्मच आहे. दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर मात्र त्यात पाणी गेलंय, गाडी चालू न करता मेकॅनिकला बोलवा. कमी असेल तर पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच, थोडं थोडं ओता.

ऑइल बदलणं मात्र मी घरी करत नाही, आणि तुम्हीही करू नका असंच सांगेन. येत नाही म्हणून नव्हे. निघालेलं तीन-चार लिटर काळं ऑइल ओतणार कुठे? सोसायटीच्या गटारात सोडलेलं शेवटी खाडीतच जातं. गॅरेजलाच द्या, पण तारीख लक्षात ठेवा. 'दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते' यात मुंबईकराचं वर्षच आधी भरतं.

इंजिन थंड ठेवणारं कूलंट बाजूच्या पारदर्शक टाकीत 'मिन' आणि 'मॅक्स'च्या मध्ये हवं, बघायचं थंड इंजिनवर. गरम असताना झाकण उघडलंत तर उकळतं पाणी दाबाने तोंडावर येतं. ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा चढायला लागला, तर एसी बंद करून हीटर फुल्ल लावा. घामाने भिजाल, पण इंजिनची उष्णता त्या वाटेने बाहेर येते, तेवढ्यात गाडी कडेला घ्या.

ब्रेकचं ऑइल कमी दिसलं तर वरून ओतून समाधान मानू नका. पॅड झिजले की ते खाली जातं, किंवा कुठेतरी गळतंय. दोन्ही मेकॅनिकची कामं.

मे महिन्यातली कामं

मुंबईत मान्सून साधारण ११ जूनला येतो. त्याआधीच्या एखाद्या रविवारी हे उरकून घ्या.

वायपरचं रबर उन्हात कडक होतं. काचेवर रेघा उमटत असतील, तर आधी ओल्या फडक्याने रबर पुसून बघा, तरीही उमटल्या तर बदला. दांडा उभा करा, काचेवर जाड टॉवेल घडी करून ठेवा, मग ब्लेडमधली छोटी खुंटी दाबून ब्लेड दांड्याच्या बुडाकडे सरकवा, सुटतं. टॉवेल विसरलात आणि नुसता लोखंडी दांडा सटकन काचेवर आपटला, की दोनशे रुपयांच्या कामात काच जाते. डाव्या-उजव्या ब्लेडची लांबी वेगळी असते, दोन्ही मोजून घ्या.

काचेच्या खाली, बॉनेटच्या मागच्या कडेला जाळी असते. गाडी झाडाखाली उभी राहत असेल, तर तिथे गुलमोहराची आणि पर्जन्यवृक्षाची बारीक पानं ठासून भरलेली असतात. ती हाताने उपसा, मग तांब्याने पाणी ओतून खाली चाकामागून वाहतंय का बघा. तुंबलं तर तेच पाणी गाडीच्या आत उतरतं. दारांच्या खालच्या कडेलाही निचऱ्याची भोकं असतात, त्यात काडी फिरवा. एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकलंच पाहिजे, आपल्या दमट हवेत तर नक्कीच. ते ठिबकत नसेल आणि डावीकडच्या सीटपुढचं पायपुसणं ओलं असेल, तर एसीची निचरा नळी तुंबली आहे.

तिथेच, ग्लव्ह बॉक्सच्या मागे, एसीचा फिल्टर असतो. बऱ्याच गाड्यांत बॉक्सच्या दोन्ही कडा आत दाबल्या की तो खाली लोंबतो आणि फिल्टरची पट्टी दिसते. शहरभर चाललेल्या खोदकामाने तो सहा महिन्यांत सिमेंटच्या रंगाचा होतो. नवा घालताना त्यावरचा हवेच्या दिशेचा बाण जुन्यासारखाच ठेवा. पाच मिनिटांचं काम, आणि 'एसी थंड करत नाही' ही निम्मी तक्रार इथेच मिटते.

इंजिनचा एअर फिल्टर त्याहून सोपा, डब्याच्या क्लिपा उघडल्या की झालं. मागच्या वर्षी मी माझा डबा उघडला, तर आत शेंगांची टरफलं नीट एका कोपऱ्यात रचलेली, शेजारी सीटच्या कापसाची गादी. उंदराने संसार थाटला होता. तेव्हापासून दर रविवारी बॉनेट उघडून टॉर्च मारतो. डांबराच्या गोळ्या जाळीच्या पुरचुंडीत, तंबाखूची पानं, बाजारातले फवारे, सगळं करून झालंय; थोडे दिवस चालतं. खरा उपाय दोनच: गाडीत खाण्याचा कण ठेवायचा नाही, आणि गाडी हलवत राहायची. कुरतडलेली वायर दिसली तर टेप गुंडाळून मोकळं होऊ नका, इलेक्ट्रिशियनला दाखवा.

पावसात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल, तर सपाट जागी हॅण्डब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला वीट लावा. ओलाव्याने मागचे ब्रेक ड्रमला चिकटून बसतात. भरतीच्या वेळी मरीन ड्राइव्हवर लाटांचं पाणी अंगावर घेऊन आलात, तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, चाकांच्या आतल्या बाजूसकट.

फ्यूज

चार्जर, हॉर्न, काच असं एकच काहीतरी अचानक बंद पडलं, तर आधी फ्यूज. एक पेटी स्टिअरिंगखाली, दुसरी बॉनेटमध्ये; झाकणावर नकाशा, आत प्लॅस्टिकचा चिमटा. गाडी बंद करून फ्यूज काढा, मधली तार तुटलेली दिसेल. लाल १० अँपिअरचा, निळा १५, पिवळा २०. गेला त्याच रंगाचा नवा घालायचा, मोठा कधीच नाही, नाहीतर फ्यूजऐवजी वायर जळते. नवाही लगेच गेला तर थांबा आणि कारण शोधा. आमच्याकडे कारण होतं भाच्याने चार्जरच्या भोकात टाकलेला रुपया.

हात लावू नका अशा गोष्टी

ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅगच्या पिवळ्या वायरी, हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या नारिंगी केबल, एसीचा गॅस. सीएनजीची नळी तर अजिबात नाही. गॅसचा वास आला तर सिलिंडरचा वॉल्व्ह बंद करा, गाडी उघड्यावर ठेवा आणि दिवे-पंखा काहीही चालू करू नका. त्या सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने मजबुतीची तपासणी) दर तीन वर्षांनी लागते, तारीख बघून ठेवा.

पाणी भरलं तर

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस अपवाद. पण हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, किंग्ज सर्कल ही नावं दर पावसाळ्यात ऐकू येतातच. समोरच्या गाडीची चाकं निम्म्यावर बुडालेली दिसली की वळा. शिरावंच लागलं तर फर्स्ट गिअर, एकसारखा वेग, मध्ये थांबायचं नाही. बाहेर आल्यावर हळू चालवत ब्रेक दोन-चारदा हलके दाबा, म्हणजे ते सुकतील.

गाडी पाण्यात बंद पडली, तर पुन्हा स्टार्ट करू नका. इंजिन हवेसोबत पाणी ओढतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, आणि पिस्टनचा दांडा वाकतो. बंद पडणं हे हजारांतलं काम असतं, नंतरचा तो एक स्टार्टर लाखात नेतो. साध्या विम्यात हे बऱ्याचदा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घ्यावं लागतं. पॉलिसी आजच उघडून बघा. बंद पडलेली गाडी न्यूट्रल करा, ढकलून उंचावर घ्या, पाणी कुठवर चढलं होतं ती रेघ दिसेल असे फोटो काढा. पार्किंगमध्येच बुडाली असेल, तर पाणी ओसरल्यावर दहाच्या पान्याने ऋणचं टर्मिनल सोडवा, आणि टोइंगवाला येईपर्यंत किल्ली घरातल्या कोणाच्याही हाती देऊ नका. 'एकदा मारून तर बघू' म्हणणारा एक जण प्रत्येक घरात असतो.